मॅडम आल्या होत्या

पहिली शिंक इनामदारांना आली. पाठोपाठ मला. इनामदार म्हणजे आमच्याच ऑफिसातले दुसरे निरीक्षक, मला चार वर्षांनी ज्युनियर, आणि कागदाच्या बाबतीत अगदी कडक. फॉर्ममधला एक रकाना रिकामा राहिला तर या माणसाला जेवण जायचं नाही. तर हे गृहस्थ बगलेत फाइल घेऊन पत्र्याच्या दारात उभे आणि शिंकांवर शिंका देतायत. आत मिरची कांडायचं मशीन धाडधाड चाललं होतं आणि दारातून तांबडं तिखट धुरासारखं बाहेर येत होतं.

"मशीन बंद करा!" इनामदार ओरडले.

आतून एक बाई डोकावल्या. पंचेचाळिशीच्या, काटक. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, भुवयांवरसुद्धा तिखट बसलेलं. "दोन मिनटं थांबा की ओ. आर्ध्यात बंद केलं तर चटणी जाडी ऱ्हातीया."

"आम्ही जीएसटीच्या ऑफिसातनं आलोय."

"व्हय का? मग सावलीला बसा. सरकार हाय म्हणून काय तिखट नाकात जायचं थांबत न्हाई."

आम्ही मुकाट्यानं बाहेर बाकड्यावर जाऊन बसलो. मार्च महिना होता, तिखटाचा हंगाम. बाकड्यापाशी बायकांचे डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. दहा-बारा मिनिटांनी मशीन थांबलं. बाई तोंड धुऊन बाहेर आल्या आणि दोन ओले रुमाल आमच्या हातात दिले. "नाकाला लावा. चोळू नगा."

इनामदारांनी रुमाल लावला, फाइल उघडली. "आक्काताई बाळू सुतार म्हणजे तुम्हीच?"

"मीच की."

"आक्काताई मेटल ट्रेडर्स तुमचं?"

"ते आणि कोण?"

"तुमच्या नावानं जीएसटी नंबर आहे. धंदा तांब्याच्या भंगार तारेचा. पत्ता हाच, ह्याच घराचं लाइटबिल जोडलंय. दहा महिन्यांत इथून पावणेचार कोटींची तार विकली गेलीय."

आक्काताई मोठ्यानं हसल्या. पोट धरून हसल्या. "अवो, तार इकली असती तर मी मिरच्या कशाला कांडत बसले असते?" मग त्यांच्या लक्षात आलं की आमच्यापैकी कुणी हसत नाहीये. पदरानं तोंड पुसत त्या माझ्याकडं बघायला लागल्या.

जीएसटी येऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. नोंदणी घरबसल्या संगणकावर व्हायला लागली, चांगलीच गोष्ट झाली, पण त्यातून एक नवीन रोग निघाला. कुणा गरिबाचे कागद मिळवायचे, त्याच्या नावानं नंबर काढायचा आणि नुसती बिलं फाडायची. माल जागचा हलायचा नाही. बिल घेणारा त्या बिलावर आपला कर वाचवायचा, बिल देणारा आपलं कमिशन घ्यायचा, आणि शेवटी पकडायला जावं तर पत्त्यावर एखादा रिक्षावाला नाहीतर धुणीभांडी करणारी बाई सापडायची. अशा नावांची एक यादीच वरून आली होती. त्यात आमच्या तालुक्यातलं हे एक नाव होतं. फिर्याद दाखल करायची तर मालकाचं नाव पहिलं. म्हणजे आक्काताईंचं. अटक होऊ शकते, असं आमच्या कोरे साहेबांनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? बाईंना बघितल्यावर आंधळ्यालाही कळलं असतं की ही तारवाली नाही. कळलं असतं, पण फाइलमध्ये एक कागद होता. नंबर मिळाल्यावर निरीक्षकानं प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघायचं, फोटो काढायचे आणि अहवाल टाकायचा, असा नियम. त्या अहवालात लिहिलेलं होतं: जागेस भेट दिली. मालक हजर होते. भंगार तारेचा व्यवसाय चालू असल्याचे आढळले. सोबत फोटो. कुठल्याशा पत्र्याच्या भिंतीवर दुकानाचा बोर्ड, खाली तारेचं भेंडोळं आणि वजनकाटा. आणि अहवालाखाली सही होती सुरेखा मगदूम, निरीक्षक. म्हणजे माझी.

आणि त्या घराच्या उंबऱ्याशी मी त्या दिवशी पहिल्यांदा आले होते.

आईचं ऑपरेशन होतं, पोराची परीक्षा होती, असलं काही मी सांगणार नाही. काहीसुद्धा नव्हतं. मे महिन्याचं ऊन होतं आणि महिन्याला चाळीस अर्ज यायचे. शिरीष आडके म्हणून एक कर सल्लागार होते, गोड बोलणारे. "मॅडम, तुम्ही कशाला उन्हातान्हाचं फिरता? मी फोटो पाठवतो की." ते फोटो पाठवायचे, मी खुर्चीत बसून अहवाल टाकायची. मी एकटीच करत होते असं नाही. पण ह्या अहवालाखाली सही माझी एकटीची होती.

कोरे साहेब म्हणजे आमचे सहायक आयुक्त. त्यांनी मुद्दाम मला पाठवलं होतं. "मगदूम, तुम्ही त्या बाईला आधी भेटलाय. तुम्ही ओळखाल." मी "हो साहेब" म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार? सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर पहिलं प्रमोशन दारात आलेलं, यादी महिन्याभरात लागणार होती.

इनामदार जबाब लिहायला बसले. साहेबांनी प्रश्न टाइप करूनच दिले होते. आधार कुणाला दिलं होतं का? आक्काताईंनी भडाभडा सांगितलं: "बाजारात कर्जमेळावा होता, दुसरं मशीन घ्यायला कर्ज मिळंल म्हणाले. आधार दिलं, पॅन दिलं, लाइटबिल दिलं. फोनवर नंबर यील तो सांगा म्हणाले, तोबी सांगितला. पाच-सहा येळा आला, दरवेळी बिनचूक सांगितला. कर्ज काय आलं न्हाई."

"नाव काय त्या माणसाचं?"

"गोरापान होता. नाव काय ठावं न्हाई बाई."

इनामदारांनी मान हलवली. सगळेच असं सांगतात, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी सातवा प्रश्न वाचला. तो प्रश्न त्यात असणार हे मला सकाळपासून माहीत होतं.

"मागच्या वर्षी सतरा मे रोजी निरीक्षक मगदूम मॅडम या जागेवर येऊन तपासणी करून गेल्या होत्या का?"

आक्काताईंनी माझ्याकडं बघितलं. मी ओला रुमाल तोंडावर धरून बसले होते, डोळे तेवढे उघडे. त्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता संपलं. आता ही बाई म्हणणार, ह्यांना मी जन्मात बघितलं नाही.

"व्हय," आक्काताई म्हणाल्या. "आल्या होत्या की मॅडम."

"नक्की?"

"आल्या होत्या. हितंच बसल्या होत्या. च्या घेतला."

इनामदारांनी पुढचा प्रश्न विचारला. "त्यांनी त्या वेळी जे लिहिलंय ते तुम्हाला मान्य आहे?"

"मॅडमनी लिवलंय तर खरंच आसंल की. त्या कशाला खोटं लिवतील?"

इनामदारांनी सुंदर अक्षरात लिहिलं: निरीक्षकांचा अहवाल मला मान्य आहे. आक्काताईंनी खाली सही केली. वळणदार, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईची सही. आणि मी, अहो मी गप्प बसले. साधं हूं की चूं केलं नाही. उलट खरं सांगू? सुटकेचा श्वास टाकला. रुमालाच्या आड.

परत येताना जीपमध्ये इनामदार खुशीत होते. "आता काही अडचण नाही. बाईनं स्वतःच कबूल केलं, तपासणी झाली तेव्हा धंदा चालू होता म्हणून. कर्जमेळावा वगैरे नाटक आहे सगळं."

"तुम्हाला खरंच वाटतं, ती तार विकत असेल?"

"मला वाटून काय करायचंय मॅडम? कागद बोलतोय."

साहेबांनी जबाब वाचला आणि म्हणाले, उद्या चार वाजता फिर्याद पोलीस ठाण्याला पाठवू. संध्याकाळी मला आडकेंचा फोन आला. त्यांना कसं कळतं कोण जाणे. "मॅडम, जुने फोटो-बिटो, मेसेज असतील ना माझे, काढून टाका. उगीच कशाला." मी फोन ठेवला आणि मेसेज उघडला. होता. तारखेसकट. 'मॅडम, आक्काताई मेटलचे फोटो पाठवलेत. रिपोर्ट करून टाका. तुम्हाला यायची गरज नाही.' दोनदा माझं बोट पुसायच्या खुणेपाशी गेलं. पुसला नाही. का नाही, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. सारखा एकच प्रश्न डोक्यात येत होता: ही बाई 'आल्या होत्या' का म्हणाली?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता स्कूटी घेऊन मी सरळ तिकडंच गेले. मशीन अजून सुरू झालं नव्हतं. आक्काताई मिरचीची देठं खुडत बसल्या होत्या.

"या मॅडम! आज एकट्याच? बसा."

मी बसलेच नाही. "आक्काताई, काल तुम्ही खोटं का बोललात?"

"काय खोटं?"

"मी आले होते म्हणून. मी आले नव्हते. तुम्हाला माहीत आहे."

त्या हसल्या. देठं खुडायचं थांबल्या नाहीत. "आवो, तुमचं तोंड एवढुसं झालं होतं की काल. मी म्हटलं, बाई घाबरलीया. साहेबानं इचारलं तर नोकरीवर यायचं हिच्या."

"पण म्हणून..."

"त्यात काय एवढं? आमच्याकडं समदीच अशी येत्यात. डेंगीच्या सर्व्हेची पोरगी येती, ती धा दिवसांची एकदम सही घेऊन जाती. मीटरवाला येतो, रीडिंग न घेताच जातो, म्हणतो मावशी इचारलं तर आलो होतो म्हणून सांग. शिक्षणाचा सर्व्हे, जनगणना, कोण कोण. लांबनं येत्यात बिचारी, उन्हाची, पगार तो केवढा. आपण व्हय म्हटलं तर आपलं काय जातंय? वीस वर्षं म्हणत आले. आजवर कुणाचं वाटुळं झालं न्हाई माझ्या व्हयनं."

मग मात्र मी बसले, त्या मिरच्यांच्या शेजारी, जमिनीवर.

"आक्काताई, तुमचं होईल," मी म्हटलं. "मी आले होते, तर मी जे लिहिलं ते खरं. मी लिहिलंय, इथं तारेचा धंदा चालू होता आणि मालकीण हजर होती. म्हणजे ती पावणेचार कोटींची बिलं तुम्ही फाडलीत. आज चार वाजता तुमच्या नावानं फिर्याद जातेय. अटक होईल कदाचित."

त्यांचे हात थांबले. त्यांना समजलं नसेल असं वाटून मी परत सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"समजलं मला. याडी न्हाई मी." मग त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला नजर वर करता येईना. "मी व्हय म्हटलं तेव्हा मला हे ठावं नव्हतं. तुमाला ठावं होतं?"

"हो."

"आणि तुमी गप बसलासा?"

मी पुढ्यातली एक मिरची उचलून तिचं देठ खुडायला लागले.

"मी तुमाला वाचवायला गेले, आणि तुमी रुमाल नाकाला लावून बघत बसलासा? सही करू दिलीसा मला?" आवाज चढला नव्हता, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "एक डाव आला असतासा तर? नुसतं एक डाव? ऑफिसापासनं हितवर किती हाय ओ?"

"सात किलोमीटर."

"सात किलोमीटर," त्या म्हणाल्या. "मी डबे पोचवायला जाती त्येच्यापरास लांब. चालत."

त्या उठल्या. डोक्याचा टॉवेल सोडला, हात धुतले, साडीवरचं तिखट झटकलं, दाराला कुलूप लावलं आणि माझ्या स्कूटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "चला. साहेबाला सांगू."

सगळ्या रस्त्यानं मागं बसून त्यांनी माझ्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला नाही. प्रमोशनचा विचार मी केला नाही असं नाही, चांगला केला. पण मागं ती बाई बसली होती, वळायला जागाच नव्हती.

कोरे साहेब केबिनमध्ये होते. इनामदार फिर्यादीच्या पानांवर शिक्के मारत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "साहेब, मी सतरा मेला ह्या जागेवर गेले नव्हते. अहवाल ऑफिसात बसून टाकला."

साहेबांनी चष्मा काढला. आधी आक्काताईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाई काल म्हणाल्या, आल्या होत्या."

"मी खोटं बोलले," आक्काताई म्हणाल्या.

"आज खरं कशावरून बोलताय? काल एक, आज एक. आणि मगदूम, तुम्हाला ह्यांचा एवढा पुळका का? ह्यांनी तुम्हाला काही दिलं असेल, असं उद्या कुणी म्हणालं तर?"

मला अशी चीड आली ना! पण माणूस बरोबर बोलत होता. माझ्या शब्दाला किंमतच काय उरली होती? मी पर्समधून फोन काढला, आडकेंचा मेसेज उघडला आणि टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला. तारीख बघितली. इनामदारांना दाखवला. इनामदारांचा शिक्का हातातच राहिला.

"हा मेसेज काल पुसून टाकला असतात तर मला काही कळलं नसतं," साहेब शांतपणे म्हणाले.

"हो साहेब."

"पुसणार होतात?"

"दोनदा."

साहेबांनी घंटी वाजवून दोन कोरे कागद मागवले. एक माझ्यापुढं ठेवला, एक इनामदारांपुढं. "मगदूम, तुमचं तुम्ही लिहा. सगळं. इनामदार, बाईंचा पुरवणी जबाब घ्या. ह्या वेळी प्रश्न माझे नकोत. त्या काय सांगतात ते लिहा."

मी लिहायला लागले. शेजारी आक्काताई सांगत होत्या आणि इनामदार लिहीत होते. पूर्ण झाल्यावर इनामदारांनी पेन पुढं केला, तर आक्काताई म्हणाल्या, "आधी वाचून दावा." त्यांनी वाचलं. "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. मग आक्काताईंनी सही केली.

फिर्याद त्या दिवशी गेली नाही. आठवड्यानं गेली, ती आडकेंच्या नावानं. त्यांच्या संगणकावर अशा एकोणीस दुकानांचे कागद सापडले, आणि एकोणीसपैकी सहा अहवाल माझे होते. मी पाच महिने निलंबित होते. दोन वेतनवाढी गेल्या. प्रमोशनच्या यादीतून नाव गेलं ते कायमचं. मी निरीक्षक म्हणूनच निवृत्त झाले. घरात काही दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. आक्काताईंचं नाव आरोपींमधून साक्षीदारांत गेलं. त्यांना कुणी हातसुद्धा लावला नाही. ह्या एका गोष्टीवर मी ते पाच महिने काढले, खोटं कशाला सांगू.

त्या फिर्यादीनंतर दीड वर्षानं साक्षीची तारीख सांगायला मला त्यांच्याकडं जावं लागलं. दुसरं मशीन आलेलं दिसलं. आक्काताईंनी बसायला पाट दिला, कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मग सही केली. तुसडेपणा नव्हता, पण आधी काही घडलंच नाही अशी माया पण नव्हती. मी उठणार तेवढ्यात दारात एक बाई आली. तिशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर, उन्हानं चेहरा काळवंडलेला. डेंगीच्या सर्व्हेची.

"मावशी, मागच्या तीन आठवड्यांची सही द्या ना. पोरगं आजारी होतं, येणं झालंच नाही. उद्या तपासणी आहे."

"आजची देती," आक्काताई म्हणाल्या. "आत ये, पाण्याची पिंपं बघ, आणि आजची घे."

"आजची नको ओ, मागच्यांचीच अडचण आहे. माझं काम जाईल. मावशी, तुम्ही तर नेहमी देत होता!"

"देत होते."

"मग आता काय झालं?"

आक्काताईंनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या मॅडमना इचार."

मला वाटलं, टोमणा मारतायत. तसं नव्हतं. त्या हातातली परात खाली ठेवून, मी काय सांगते ते ऐकायला खरोखरच थांबल्या होत्या. मग मी त्या बाईला सांगितलं. आता तुम्हाला सांगतेय तसंच, काही न लपवता. तिनं रजिस्टर छातीशी धरून सगळं ऐकलं, शेवटी डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझ्यासाठी नाही, स्वतःच्या उद्यासाठी. आत जाऊन तिनं पिंपं बघितली, आजच्या तारखेची सही घेतली आणि गेली.

आक्काताई कितीतरी वेळ तिच्या पाठीकडं बघत राहिल्या.

"लई वाईट वाटतंय ओ पोरीचं," त्या म्हणाल्या. "आधी दिली असती. आता 'व्हय' म्हणायला जीभच वळत न्हाई."

मी स्कूटी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथं उभी राहून रडले. ऑफिसात मी जे केलं त्याची शिक्षा मला कुणीतरी लिहून दिली होती, ती मी भोगली, फिटली. आक्काताईंची जीभ वळेनाशी झाली ती माझ्यामुळं, आणि त्याची शिक्षा मला कुणीच दिली नाही.